बंड्यातले १२ व्होल्टचे दिवे: वायर, फ्यूज आणि जोड

वावरातल्या बंड्यात, म्हणजे शेतातल्या राहत्या खोपटात, उजेड करायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. फवारणी पंपाची किंवा झटका मशीनची (कुंपणाच्या तारेत झटके सोडणाऱ्या यंत्राची) बॅटरी खाटेखाली ठेवायची, तिच्या टोकांना घरात सापडलेली बारीक वायर गुंडाळायची, ती बल्लीवरून नेऊन बल्ब लटकवायचा. पंधरा दिवस उजेड बरा पडतो. मग बल्ब मिणमिणतो, हात लावला की लागतो, हात काढला की जातो. दोष बल्बवर येतो, नवा बल्ब आणला जातो आणि महिनाभरात तोही तसाच वागू लागतो. बल्ब बहुतेक वेळा धडधाकट असतो. बिघाड वायरीत आणि जोडात असतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १२ व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही, म्हणून ही वायरिंग निर्धोक समजली जाते. पण ४० अँपिअर-अवरच्या (किती अँपिअर करंट किती तास मिळेल, याचं माप) बॅटरीची दोन टोकं वायरीतून एकमेकांना भिडली, तर शेकडो अँपिअर करंट धावतो आणि बारीक वायर बघता बघता लाल होते. बंड्यात काय असतं ते आठवा: वेचून आणलेला कापूस, कोपऱ्यात कुटार, भिंतीला टेकवलेल्या पऱ्हाट्या, वर वाळलेला बांबू. घराच्या मेन लाइनला निदान फ्यूज किंवा एमसीबी असते. बॅटरीवरच्या दिव्याला बहुधा काहीच नसतं. म्हणून या लेखात बल्बपेक्षा वायर, फ्यूज आणि जोड यांनाच जास्त जागा दिली आहे.

आधी हिशेब, मग बाजार

दुकानात जाण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: कुठे दिवा, किती वॅट, रात्री किती तास. मातीच्या भिंती, टिनाचं किंवा कवेलूचं छप्पर, पुढे सपरी (पडवी), बाजूला बैलांचा कोठा आणि थोड्या अंतरावर विहीर, अशा साध्या बंड्याचा हिशेब असा येतो. आतल्या खोलीत ७ वॅटचा बल्ब ४ तास, म्हणजे २८ वॅट-अवर. सपरीत ५ वॅटचा ४ तास, २०. कोठ्यात ३ वॅटचा दिवा रात्रभर १० तास, ३०. विहिरीवर ९ वॅटचा २ तास, १८. दोन मोबाइलच्या चार्जिंगला साधारण ३०. एकूण १२६ वॅट-अवर. याला १२ ने भागलं की १०.५ अँपिअर-अवर, इतका एका रात्रीचा खर्च.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून ४० अँपिअर-अवरच्या बॅटरीतून वापरायला २० मिळतात, असंच धरा. त्यात जवळजवळ दोन रात्री निघतात. श्रावणात झड लागली की हीच दुसरी रात्र कामी येते. बॅटरी भरायला सोलर पॅनल ७५ वॅटचं घ्या. ते उन्हात साधारण ४ अँपिअर देतं. पाच तास चांगलं ऊन मिळालं तर २० अँपिअर-अवर, म्हणजे खर्चाच्या दुप्पट भरती. ४० ची बॅटरी ४ अँपिअरनं चार्ज करणं तिच्या तब्येतीलाही मानवतं.

फक्त जागलीपुरता उजेड हवा असेल तर फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरीही चालते, पण तिचाही हिशेब ठेवा. ८ गुणिले १२ म्हणजे ९६ वॅट-अवर, त्यातले वापरण्याजोगे ४८. ७ आणि ५ वॅटचे दोन दिवे ४ तास लावले की तेवढे संपले. फवारणीच्या दिवसांत रात्री ही बॅटरी दिव्याला लावली तर दुसऱ्या दिवशी दुपारी पंप अर्ध्या वावरात बसतो. त्या हंगामात तरी दिव्याला वेगळी बॅटरी ठेवा.

१२ व्होल्टला जाड वायर का लागते

९ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर जेमतेम ०.०४ अँपिअर ओढतो. तोच ९ वॅट १२ व्होल्टवर ०.७५ अँपिअर ओढतो, म्हणजे १९ पट. वायरीत गळणारा दाब (व्होल्टेज) करंटच्या प्रमाणात वाढतो आणि इथे मुळात दाबच १२ चा. टक्क्यांत बघितलं तर त्याच वायरीत त्याच वॅटचा तोटा सुमारे ३६७ पट होतो. घरच्या लाइटफिटिंगला पुरलेली वायर इथे का पुरत नाही, याचं उत्तर यात आहे.

हिशेब सोपा आहे. तांब्याच्या मल्टिस्ट्रँड वायरीचा रोध दर मीटरला असा धरा: १ एमएमला ०.०१९५ ओहम, दीडला ०.०१३३, अडीचला ०.००८, चारला ०.००५. (वायरमनच्या भाषेत एमएम म्हणजे इथे स्क्वेअर एमएम.) अंतर मोजताना जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी धरायच्या. ही चूक सगळ्यात जास्त होते: विहीर ३० मीटरवर असली तर हिशेबात ६० मीटर येतात.

आता तो ९ वॅटचा विहिरीवरचा दिवा घ्या. १ एमएमच्या वायरीत ६० गुणिले ०.०१९५ म्हणजे १.१७ ओहम, त्याला ०.७५ अँपिअरनं गुणलं की ०.८८ व्होल्ट वाटेत गेले. दीडच्या वायरीत ०.६ जातात, अडीचच्या वायरीत ०.३६. बॅटरी भरलेली असताना हा फरक डोळ्यांना कळत नाही. पहाटे बॅटरी १२ च्या आसपास आली की ०.८८ गेलेल्या दिव्याला ११.१ मिळतात आणि तो लुकलुकू शकतो. म्हणून तोटा ३ टक्क्यांच्या, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत ठेवायचा. आतल्या खोलीत आणि सपरीत अंतर १० मीटरच्या आत असतं, तिथे १ एमएमही पुरते. पण सरसकट दीडची घेतली तर पुढे एखादा दिवा वाढवता येतो. एक गोष्ट आणखी: हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. उन्हाळ्यात तापलेल्या टिनाखाली वायर ६० अंशांवर गेली तर रोध १५-१६ टक्क्यांनी वाढतो. काठावरचा हिशेब करू नका.

वायर घेताना आयएसआय छाप आणि आयएस ६९४ हा क्रमांक बघा, आणि तरीही दुकानातच टोक सोलून एक तंतू नखात धरून ब्लेडनं खरवडा. आतपर्यंत तांबूस निघाला तर तांबं. वरचा तांबूस थर निघून आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. ते परत करा. त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, स्क्रूखाली ते दबून सैल पडतं आणि काळं धरतं. सर्व्हिस लाइनची दोन कोरची अ‍ॅल्युमिनियम वायर स्वस्त मिळते, तिलाही हेच लागू.

कोठ्यासाठी आणि बाहेरच्या सगळ्या ओढीसाठी सोलर पॅनलला वापरतात ती चारची डीसी केबल घ्या. ती महाग पडते, पण आतलं तांबं कलई केलेलं असतं आणि वरचं आवरण ऊन सोसतं. कोठ्यात गुरांच्या मुतातून अमोनिया सुटतो. तो साध्या तांब्याला हिरवा करून आत आत खात जातो. पोत्यातला युरिया पावसाळ्यात ओलावा धरतो, तोही तांब्याला घातकच. वर्षभरानं अशी वायर सोलली की तंतू काळे-हिरवे निघतात आणि बोटांत चुरा होतात. चारच्या केबलीमुळे विहिरीच्या दिव्याचा तोटाही पाव व्होल्टच्या आत येतो.

बॅटरीची जागा आणि पहिला फ्यूज

बॅटरी टिनाखालच्या माळ्यावर ठेवू नका आणि कापसाच्या खोलीतही ठेवू नका. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद खोलीत तो साचतो आणि एका ठिणगीनं भडकतो. उष्णता हे दुसरं कारण. तापमान सरासरी १० अंशांनी जास्त राहिलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही नवलाई नाही. सपरीचा उत्तरेकडचा कोपरा, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी पाट, वर आणि खाली भोकं असलेली पेटी आणि पेटीला कडी, ही जागा बरी. लहान पोरांचा हात पोचू देऊ नका. बॅटरीतलं पाणी म्हणजे अ‍ॅसिड असतं.

आता फ्यूज. तो बॅटरीच्या प्लस टोकापासून १५-२० सेंटीमीटरच्या आत असला पाहिजे. फ्यूज बल्बचं रक्षण करत नाही, वायरीचं करतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडा पडलेला असतो, त्याला वाचवणारं काही नसतं. म्हणून तो तुकडा जेवढा आखूड तेवढा चांगला. फ्यूज बोर्डावर लावून बॅटरी तीन मीटर दूर ठेवली तर ते तीन मीटर बेवारस राहतात, आणि उंदीर नेमका तिथेच कुरतडू शकतो.

गाडीचे चपटे ब्लेड फ्यूज वापरा. मोटर मेकॅनिककडे मिळतात आणि रंगावरून ओळखता येतात: ३ अँपिअर जांभळा, ५ फिकट तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल. बॅटरीजवळ १० अँपिअरचा लाल आणि तिथून कंट्रोलरपर्यंत (पॅनल, बॅटरी आणि दिवे यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या डब्यापर्यंत) चारची वायर. कंट्रोलरच्या पुढे सहा खणांचा फ्यूज बॉक्स लावा आणि प्रत्येक दिव्याच्या ओळीला ३ चा जांभळा घाला. मग कोठ्यातली वायर गुरानं ओढली तरी फक्त कोठा अंधारात जातो, बाकी बंडा लख्ख राहतो. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटलाही स्वतंत्र खण द्या. फ्यूज उडाला की चांदीचा कागद किंवा तांब्याचा तंतू घालायचा नाही. पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीनं चार जास्तीचे फ्यूज चिकटवून ठेवले की तो मोहच होत नाही.

वायरीची वाट

जुना बंडा सरळ नसतो. भिंत मातीची, आड्याला बाक, टिनाच्या कडा धारदार, त्यात उंदीर आणि खारी. उघडी वायर खिळे वाकवून बसवायची पद्धत मोडा. २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या आणि तो भिंतीऐवजी लाकडी बल्ल्यांवर, आड्यावर, चौकटीवर न्या. स्क्रू लाकडात पकडतो, मातीत पकडत नाही. मातीच्या भिंतीवर न्यावाच लागला तर सागवानाची निमुळती गुट्टी ठोकून तिच्यात स्क्रू बसवा. क्लॅम्प दर दोन फुटांवर.

पाइप टिनाला चिकटू देऊ नका, चार बोटं अंतर ठेवा. टीन दुपारी भाजतं आणि वारा सुटला की थरथरतं. थरथरणाऱ्या कडेवर टेकलेलं इन्सुलेशन दोन पावसाळ्यांत कापलं जातं. टिनातून किंवा लोखंडी चौकटीतून वायर आरपार न्यायची तर भोकात रबरी बुश बसवाच. नसेल तर हिरव्या बागकामाच्या पाइपचा तुकडा उभा चिरून कडेवर चढवा. बाहेरून आत येणारी वायर भोकाच्या खाली एक झोल देऊन मग वर चढवा. पाणी वायरीवरून ओघळतं आणि झोलाच्या तळातून थेंब थेंब गळून जातं. झोल नसेल तर ते थेट जोडपेटीत उतरतं.

विहिरीकडची केबल धुऱ्यावरून (बांधावरून) उघडी टाकली तर वखराच्या पहिल्या पाळीत तुटते. ती २५ मिलिमीटरच्या काळ्या एचडीपीई नळीत घालून दीड-दोन फूट खोल पुरा, किंवा दोन खांबांवरून तीन मीटरपेक्षा उंच न्या. चारा भरलेली बंडी (बैलगाडी) खालून जाते की नाही, हे उंची ठरवण्याआधी बघा.

लाल वायर प्लस, काळी मायनस, शेवटपर्यंत. एलईडीला उलटसुलट चालत नाही. काही बल्ब उलटे लावले तर नुसते लागत नाहीत, काही कायमचे जातात. १२ व्होल्टची वायर पंपाच्या स्टार्टरच्या पाइपमध्ये घालायची नाही, ही अट मोडू नका. घरच्या फिटिंगमध्येही लाल-काळी हेच रंग दिसतात आणि एका पाइपमध्ये दोन्ही असल्या की पुढचा माणूस फसतो. दर दोन मीटरवर पाइपवर रंगानं “१२” लिहून ठेवा.

जोड

वायर सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळलेला जोड तिथल्या तिथे चांगला दिसतो. उन्हाळ्यात टेपचा चिकटा विरघळतो, टेप सुटते, तंतूंमध्ये हवा आणि ओलावा जातो, तांब्यावर काळी साय धरते. तिथे रोध वाढतो, रोधानं उष्णता वाढते आणि तापला-थंडावला करत जोड अजून सैल होतो. बल्ब हलवल्यावर लागतो तो यामुळे.

चांगला जोड करायला मिनिटभर जास्त लागतं. वायरीचं आवरण ७-८ मिलिमीटर काढा, एकही तंतू न कापता. तंतू हातानंच हलका पीळ देऊन एकत्र करा. ते लगच्या (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या टोकाच्या) नळीत पूर्ण जाऊ द्या; बाहेर राहिलेला एकच तंतू शेजारच्या स्क्रूला टेकला तरी फ्यूज उडतो. क्रिम्पिंग पक्कडनं दाबा, साध्या पक्कडीनं नाही, कारण ती लग चपटी करते, तंतू आवळत नाही. मग वायर एका हातात, लग दुसऱ्या हातात धरून जोरात ओढा. निसटली तर ती आत्ता निसटणंच बरं. शेवटी उष्णतेनं आकसणारी नळी चढवून तिला गरम करा. नळी वायर जोडण्याआधी ओवून ठेवायची असते, हे बहुतेकांना जोड झाल्यावर आठवतं.

स्क्रूच्या कनेक्टरमध्ये वायर घालायची तर टोकाला पिन लग बसवा. टोकाला डाग देऊन स्क्रूखाली दाबू नका. शिसं-कथलाचा थर दाबाखाली हळूहळू पसरतो आणि सहा महिन्यांत स्क्रू ढिला लागतो. डाग द्यायचाच असेल तर जिथे स्क्रू नाही आणि वायर हलत नाही अशा जोडालाच द्या. कोठ्यातले आणि बाहेरचे जोड झाकणाच्या जोडपेटीत, पेटीचं तोंड खाली, धातूवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. भिंतीच्या आत, पाइपच्या मधोमध किंवा कापसाच्या गंजीच्या वर जोड नकोच. एका अखंड वायरीनं दिव्यापर्यंत जाता येत असेल तर दोन मीटर वायर जास्त लागली तरी चालेल.

बल्ब आणि बटण

बल्बवर “१२ व्होल्ट डीसी” आणि शक्यतो ९ ते ३० किंवा १० ते १६ अशी पल्ल्याची नोंद हवी. चार्ज होताना बॅटरी १४.४ पर्यंत जाते, पहाटे ११.५ वर असते. आत ड्रायव्हर (करंट सारखा ठेवणारं सर्किट) असलेला बल्ब दोन्हीकडे सारखा उजेड देतो. एलईडी पट्टीत तसा ड्रायव्हर नसतो, तीन-तीन एलईडींमागे एक रेझिस्टर असतो. ती १४.४ वर तापते आणि ११.५ वर मंदावते. पट्टी लावायचीच असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवा, लाकडावर नको.

घरचा २३० व्होल्टचा बल्ब आणि १२ व्होल्टचा बल्ब, दोघांनाही तीच दोन खुंट्यांची टोपी असते. १२ चा बल्ब कुणी गावातल्या घराच्या होल्डरमध्ये लावला तर तो फुटतो. म्हणून बंड्यातल्या प्रत्येक बल्बच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका द्या, किंवा होल्डर टाळून थेट वायरीचे गोल फिटिंग लावा. आतल्या आणि सपरीतल्या दिव्याचा रंग पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपास घ्या. पावसाळ्यात पांढऱ्या-निळसर उजेडावर किडे जास्त झेपावतात आणि त्यांच्यामागे पाली, बेडकं येतात. बेडकांच्या मागे काय येतं हे वावरात झोपणाऱ्याला सांगावं लागत नाही. उंबऱ्याजवळ गुडघ्याच्या उंचीवर १ वॅटचा एक दिवा खाली तोंड करून लावलात तर पाय ठेवण्याआधी जमीन दिसते. या एका दिव्याला कधीच नाही म्हणू नका.

बटण घरचंच ६ अँपिअरचं चालतं, कारण इथे अर्धा-पाऊण अँपिअरच तोडायचा आहे. ते लाल वायरीत बसवा. काळ्या वायरीत बसवलं तर बटण बंद असतानाही होल्डरपर्यंत प्लस येऊन थांबलेला असतो आणि ओलाव्यातून गळती होऊन बल्ब रात्रभर मंद जळतो.

पॅनल आणि कंट्रोलर

पॅनलचं तोंड दक्षिणेला, कल २० ते २५ अंश, कारण विदर्भ साधारण १९ ते २१.५ अक्षांशांत आहे. सावली बघताना डिसेंबरातली बघा. तेव्हा सूर्य खाली असतो आणि शेजारच्या मोहाची सावली लांब पडते. एका कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या पॅनलचा करंट पडतो. वानरं असतील तिथे कवेलूवर बसवण्यापेक्षा वेगळ्या लोखंडी खांबावर बसवा. त्या चौकटीला आर्थिंग द्या. विजा कडाडायला लागण्याआधी, आभाळ दाटतानाच, पॅनलची वायर कंट्रोलरपासून सोडून बाजूला करा.

पॅनलच्या मागच्या चिठ्ठीवर खुला व्होल्टेज (पॅनलला काहीही जोडलेलं नसतानाचा) २१-२२ असावा. ३००-५०० वॅटची मोठी पॅनलं ४० व्होल्टच्या वर जातात. साध्या १२ व्होल्टच्या कंट्रोलरला ती लावली तर कंट्रोलर जळतो. सौर कृषी पंपाच्या पॅनलांवरून तर वायर काढूच नका. ती एकापुढे एक जोडलेली असतात आणि तिथे काही शे व्होल्ट डीसी असतो. तो माणसाला मारतो.

कंट्रोलर १० अँपिअरचा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे, सोडताना उलट. बॅटरीशिवाय पॅनल लावलं तर पॅनलचे २१ व्होल्ट थेट कंट्रोलरच्या आत आणि तिथून दिव्यांकडे जाऊ शकतात. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरांत प्लस सगळ्यांना सामाईक असतो आणि कापाकापी मायनसमध्ये होते. म्हणून दिव्यांचा मायनस कंट्रोलरच्या दिव्याच्या खुणेवरच लावा. तो सोय म्हणून बॅटरीच्या मायनसला किंवा टिनाला जोडला तर कंट्रोलरला वगळून रस्ता तयार होतो. बॅटरी उतरली तरी दिवे बंद होत नाहीत आणि एका आठवड्यात नवी बॅटरी कामातून जाते.

झटका मशीनबद्दल

रोही (नीलगायी) आणि रानडुकरांमुळे झटका मशीन आता जवळपास प्रत्येक वावरात आहे आणि तिची बॅटरी हाताशी असते. तिच्यावर दिवा घ्यायचा असेल तर वेगळा ३ अँपिअरचा फ्यूज घाला. कुंपण रात्री चालू राहिलंच पाहिजे, म्हणून रोजचा खर्च मोजूनच हा निर्णय घ्या. मशीनच्या आर्थिंगच्या सळईला दिव्याची कुठलीही वायर जोडू नका आणि कुंपणाच्या खांबांवरून दिव्याची केबल नेऊ नका. कुंपणाचा झटका हजारो व्होल्टचा, क्षणभराचा असतो. बारीक इन्सुलेशन तो सहज भेदतो. आणि मेन लाइन थेट कुंपणाच्या तारेत सोडणं हा गुन्हा आहे. त्यात जनावरांबरोबर माणसं मेली आहेत, शेजारची आणि घरचीही. मशीन बिघडली म्हणून एका रात्रीपुरतंसुद्धा ते करायचं नाही.

चालू करण्याआधी

वायरमनचा निऑन टेस्टर १२ व्होल्टवर पेटत नाही. त्यावरून लाइन आली की नाही ठरवू नका, साधा मल्टिमीटर घ्या.

सगळे बल्ब काढा, फ्यूज काढा, बटणं चालू ठेवा. फ्यूज बॉक्सच्या प्रत्येक ओळीत लाल आणि काळ्याच्या मध्ये मीटर ओहमवर लावा. काहीही दाखवता कामा नये. थोडासुद्धा रोध दिसला तर कुठेतरी वायर चिमटली आहे. मग गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब फ्यूजच्या जागी दोन वायरींनी अडकवा. ओळीत शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटतो आणि करंट पावणेदोन अँपिअरवर अडवून धरतो. वायर तापत नाही, फ्यूज वाया जात नाही. बल्ब पेटलेला असतानाच जोडपेट्या एकेक करून सोडत जा. ज्या ठिकाणी तो विझतो, तिथून पुढे दोष आहे. सगळं निर्दोष निघालं तर फ्यूज आणि बल्ब बसवा.

आता सगळे दिवे लावा आणि बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, लगेच सगळ्यात दूरच्या होल्डरवर मोजा. बॅटरीवर १२.६ आणि विहिरीवर १२.३ आले तर काम चोख. ११.९ आले तर वायर बारीक आहे किंवा जोड खराब. कुठला, ते शोधायला मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडे आणि दुसरं पलीकडे लावा. चांगल्या जोडावर ०.०२ च्या आत दिसतं. ०.२ दिसले तर तो जोड कापून नव्यानं करा, टेप गुंडाळू नका.

पुढे काय बिघडतं

सगळे दिवे पहाटे एकदम जातात: बॅटरी उतरली म्हणून कंट्रोलरनं कापलं. सकाळी ऊन येण्याआधी, दिवे बंद ठेवून तासाभरानं मोजा. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. रोज १२.२ च्या खाली असेल तर दिवे जास्त वेळ चालतात किंवा पॅनलवर धूळ आहे. धूळ आठवड्याला एकदा, ऊन चढण्याआधी साध्या पाण्यानं धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका.

एकच दिवा लुकलुकतो: त्याचा होल्डर किंवा सर्वांत जवळचा जोड. होल्डरच्या पितळी खुंट्या काळ्या पडल्या असतील तर झिरो नंबर पॉलिश पेपर फिरवा. पाऊस आला की ठरावीक फ्यूज उडतो: बाहेरच्या जोडपेटीत पाणी आहे, झोल दिलेला नाही किंवा पेटीचं तोंड वर आहे. फ्यूज कोरड्यातही अधूनमधून उडतो: कुठेतरी टिनाची कडा आवरणाला लागते आणि वाऱ्याबरोबर टेकते, वारा असताना पाइप हातानं हलवून बघा.

बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी दिवे आणि पॅनल कंट्रोलरपासून सोडा, मग फ्यूज काढा, मग काळी वायर, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून टोकं घासा, पण तो बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. कोरडं करून लाल आधी, काळी नंतर, वर पेट्रोलियम जेली. पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड पाणी हिवाळा-पावसाळ्यात दोन-तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. बोअरचं पाणी क्षारांचं असतं, ते घालू नका.

कापूस भरण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास, वर्षातून एकदा सगळे दिवे अर्धा तास चालू ठेवून प्रत्येक जोडपेटीवर आणि फ्यूजवर हात ठेवत जा. कोमट लागला तो जोड त्याच दिवशी उघडा. कुठल्या फ्यूजवर कुठला दिवा, ही यादी बॉक्सच्या झाकणावर पक्क्या शाईनं लिहून ठेवा: १ खोली, २ सपरी, ३ कोठा, ४ विहीर, ५ उंबरा, ६ मोबाइल.